नवं गाणं कोणत्या वाटेनं येतं?

खंडव्याहून बऱ्हाणपूरकडे येणारा रस्ता सातपुड्यात शिरतो आणि डोंगर जिथं जरा अंग आवरून वाट सोडतात, तिथं माथ्यावर असीरगड दिसतो. उत्तरेला नर्मदेचं खोरं, दक्षिणेला तापीचं. गडापासून बऱ्हाणपूर सुमारे २० किलोमीटर. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायची ही जुनी वाट, म्हणून असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणतात. या दरवाज्यातून गेलेल्या फौजांचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत नीट लिहिलेला आहे. जानेवारी १६०१ मध्ये लांबलेल्या वेढ्यानंतर किल्ला अकबराच्या हाती आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. गाणंही याच वाटेनं आलं आणि गेलं, पण त्या प्रवासाकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही.

तो प्रवास आज आठवण्याचं कारण रोजच्या बोलण्यातलं आहे. ‘काहीतरी नवं ऐकायचंय, कुठं शोधू?’ असं तरुणही विचारतात आणि साठीतली माणसंही विचारतात. फोनमध्ये कोट्यवधी गाणी असतात, तरी माणूस आपल्या ओळखीच्या दहा-वीस गाण्यांभोवतीच फिरत राहतो. माझी खात्री अशी आहे की, नवं गाणं आपल्यापर्यंत दर वेळी कुणा जाणकार माणसाच्या हातून आलं आहे. साधन बदलत गेलं. पोथी झाली, तबकडी झाली, रेडिओ झाला. पण ‘हे ऐक, यात असं असं आहे’ म्हणणारा माणूस मधून निघून गेला की, साधन कितीही मोठं असलं तरी ऐकणारा जागच्या जागी राहतो. असीरगडाच्या पंचक्रोशीत याचे इतके दाखले सापडतात की, दूर जायची गरज पडत नाही.

बऱ्हाणपूरचं नावच एका गाणंवेड्या संताचं आहे. चौदाव्या शतकातले चिश्ती सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीहून दख्खनेत आले आणि खुलदाबादला त्यांनी देह ठेवला. समा, म्हणजे गाणं ऐकत ईश्वराच्या ध्यानात बुडणं, हा त्यांच्या साधनेचा गाभा होता. त्यांच्या समाची आणि त्यात नाचण्याची तऱ्हा इतकी वेगळी होती की, त्यांच्या अनुयायांना बुऱ्हानी म्हणून ओळखलं जाई. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवलं आणि त्याला या संताचं नाव दिलं. ऐकणं ही उपासना मानणाऱ्या माणसाच्या नावाचं शहर आपल्या शेजारी आहे, हे खानदेशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला सांगायला हवं.

या शहरात सोळाव्या शतकात जे घडलं, ते मला हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासातलं एक मोठं वळण वाटतं. त्या घटनेचा नायक पुंडरीक विठ्ठल. मूळचा कर्नाटकातल्या सातनूरचा, संस्कृत पंडित आणि वीणेचा जाणकार. दक्षिणेतली संगीतविद्या घेऊन तो उत्तरेकडे निघाला आणि फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला बऱ्हाणपुरात आला. इथं त्यानं ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. गाणारे गातात एक आणि शास्त्र सांगतं दुसरं, असा घोळ त्या काळात माजला होता. तो निस्तरून द्यावा, ही आश्रयदात्याची इच्छा होती.

पुंडरीकानं काय केलं, हे समजायला मेळ ही कल्पना समजून घ्यावी लागते. जे राग एकाच स्वरसमूहातून निघतात ते एका मेळात ठेवायचे. मग राग शंभर असले तरी त्यांच्या मुळाशी असलेले स्वरांचे साचे मोजके राहतात आणि नव्यानं ऐकलेला राग कुठं बसतो, हे पटकन कळतं. दक्षिणेत ही पद्धत तोवर चांगली रुजली होती. विजयनगरच्या रामामात्यानं ‘स्वरमेलकलानिधी’त ती मांडली होती. पुंडरीकानं वीणेच्या पडद्यांवर स्वर पक्के केले आणि राग एकोणीस मेळांत लावले. त्यात मुखारी, मालवगौड यांसारखी दक्षिणेची नावं आहेत. केदार, हमीर, कल्याण, हिंदोल अशी आपल्या कानाला सवयीची नावं आहेत. आणि हिजेज नावाचा मेळही आहे. हिजेज म्हणजे अरबस्तानातल्या हिजाझच्या नावाचं सुरावटीचं घराणं. कानडी मुलखातला पंडित, खानदेशातला मुसलमान राजपुरुष, संस्कृत ग्रंथ आणि त्यात अरबी नावाचा मेळ, हे सगळं तापीच्या काठावर एका पोथीत एकत्र आलं.

त्या दरबारात संस्कृत परकी नव्हती, याचा पुरावा बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आजही वाचता येतो. राजा अलीखान फारुकीनं बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. बऱ्हाणपूरला गेलात तर दर्ग्यांच्या आणि हमामाच्या गर्दीत हा लेख चुकवू नका. पुंडरीक ज्या हवेत लिहीत होता, ती हवा तिथं अजून जाणवते.

पुढे पुंडरीक बऱ्हाणपुराहून उत्तरेला गेला. कछवाहा राजे माधवसिंह आणि मानसिंह यांच्यासाठी त्यानं ‘रागमंजरी’ लिहिली, ‘रागमाला’ही लिहिली आणि अकबराच्या आवडीसाठी नृत्यावरचा ‘नर्तननिर्णय’ सिद्ध केला. ‘रागमंजरी’त एक जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते. इराणी सुरावटींची नावं देऊन प्रत्येकीच्या जवळचा आपला राग कोणता, हे त्यानं तिथं सांगितलं आहे. कल्याणापाशी यमन, बिलावलापाशी सर्पर्दा, आसावरीपाशी हिजेज, जिजावंतीपाशी हुसेनी. परकं गाणं कानावर पडल्यावर ‘हे आपलं नव्हे’ असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं नाही. ओळखीच्या रागाशी त्याचं नातं जोडून दिलं. नवं गाणं दुसऱ्याच्या गळी उतरवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आज यमन हा शिकाऊ मुलाचा बहुधा पहिला राग असतो, आणि चारशे वर्षांपूर्वी एका पंडितानं त्याची कल्याणाशी गाठ कागदावर घालून दिली होती, हे किती जणांना ठाऊक असतं?

गाण्याची खबर नेणारी आणखीही माणसं या रस्त्यावर होती. माळव्याचा बाजबहादूर १५६१ मध्ये मोगलांकडून हरला तेव्हा खानदेशाच्या आसऱ्याला आला. त्याचा पाठलाग करत पीर महंमदखान बऱ्हाणपुरापर्यंत पोचला, पण परतताना नर्मदेत बुडाला. हाच बाजबहादूर पुढे अकबराच्या पदरी राहिला आणि ‘आईन-ए-अकबरी’त गायकांच्या यादीत त्याचं नाव आलं. राज्य गेलं, गाणं राहिलं. मोगलांचा वकील असदबेग विजापूरला गेला, तेव्हा दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानं त्याच्याकडे तानसेनाची चौकशी केली. अकबरापुढं तानसेन उभ्यानं गायचा की बसून, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मुत्सद्देगिरीच्या भेटीत राजाला पडलेला हा प्रश्न! विजापूरचाच बख्तरखान कलावंत, ज्याला आदिलशहानं आपली पुतणी दिली होती आणि ध्रुपदात गुरू मानलं होतं, तो जहांगीरकडे आल्याची नोंद जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. त्या काळी बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानानचा मोठा दरबार होता. त्याच्या आश्रितांची हकिगत ‘मआसिर-ए-रहीमी’ या फारसी ग्रंथात आहे, आणि कवी-चित्रकारांच्या जोडीला त्यात गाणारे-वाजवणारेही आहेत.

दरबाराबाहेरचं गाणं याहून वेगळ्या तऱ्हेनं पसरत होतं. सोळाव्या शतकातले निमाडचे संत सिंगाजी यांची निर्गुणी भजनं मृदंग-झांजेवर गावोगाव गायली जातात. शरद पौर्णिमेला त्यांच्या समाधीपाशी मोठी जत्रा भरते. इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात ती समाधी आता कोट घालून राखली आहे. हरसूद गाव मात्र २००४ मध्ये पाण्याखाली गेलं. माणसं उठून दुसरीकडे बसली की त्यांची भजनी मंडळीही फुटते. कारण गाणं शिकवणारा शेजारी आणि गायची ओसरी दोन्ही एकदम जातात. धरणांच्या हिशेबात या नुकसानीचा रकाना नसतो.

निमाडातच कलगी-तुऱ्याची परंपरा आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राचीही आहे. तुकनगीर आणि शाहअली या दोन फकिरी वृत्तीच्या कवींपासून ती सुरू झाली, असं दोन्हीकडे मानतात. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ ठरवणार, कलगीवाले शक्तीला. एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत, त्याच यमकात जवाब द्यायचा. आपल्या भेदिक लावणीचं आणि तमाशातल्या सवाल-जवाबाचं मूळ इथंच आहे. नवं गाणं शोधण्याचा हा फार जिवंत प्रकार, कारण इथं गाणं शोधायला कुणी जात नाही; समोरचा ते अंगावर टाकतो आणि रातोरात त्याला उत्तर रचावं लागतं. ऐकणाऱ्या गावकऱ्याला एका रात्रीत दोन्ही पक्षांच्या चाली मिळतात. निमाडात चंगावर आणि आपल्याकडे डफ-तुणतुण्यावर हे गाणं चालत आलं आहे. सातपुड्याच्या अलीकडचं-पलीकडचं नातं यात ऐकू येतं.

पुंडरीकाचा धागा पुन्हा हाती घेतला तो विष्णु नारायण भातखंडे यांनी. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला हा वकील, पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत गाणं ऐकता-शिकता त्याच जुन्या प्रश्नाशी येऊन थांबला. गवई गातात ते आणि ग्रंथ सांगतात ते जुळत का नाही? मग त्यांनी देश पालथा घातला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितर यांना भेटले आणि व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळवली. त्या ग्रंथात ७२ मेळांची रचना होती. तिचा धडा घेऊन, उत्तरेत प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांसाठी भातखंड्यांनी दहा थाट, म्हणजे मेळच, ठरवले. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. आज गाण्याच्या परीक्षेला बसणारं प्रत्येक मराठी मूल हे दहा थाट म्हणून दाखवतं.

म्हणजे दक्षिणेची मेळकल्पना उत्तरेत दोनदा आली. पहिल्यांदा पुंडरीकाबरोबर बऱ्हाणपूरच्या वाटेनं, आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांनी भातखंड्यांबरोबर आगगाडीनं. दुसऱ्या खेपेला आणणाऱ्याला पहिल्याची पूर्ण जाणीव होती. ‘सद्रागचंद्रोदय’, ‘रागमाला’, ‘रागमंजरी’ या पोथ्या भातखंड्यांनीच मिळवून छापल्या. बऱ्हाणपुरात लिहिलेला ग्रंथ मराठी माणसाच्या खटपटीनं पुन्हा वाचकांसमोर आला. १९१० पासून मराठीत प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त गुरू-शिष्यांच्या संवादातून या जुन्या ग्रंथांची चिकित्सा आहे. ज्याला रागांमागचा विचार जाणून घ्यायचा आहे, त्यानं हे खंड आजही वाचावेत. भाषा जुनी आहे, पण शंका विचारणारा शिष्य अगदी आजचा वाटतो.

गाणं शोधणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र भातखंड्यांचं याहून मोठं काम म्हणजे चिजांचा संग्रह. जयपूरच्या महंमद अली खाँ ‘कोठीवाल’ यांच्या घराण्यातले ख्याल त्यांनी फोनोग्राफवर घेतले आणि स्वरलिपीत उतरवले. रामपूर, ग्वाल्हेर इथली विद्या मिळवली. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत मिळून सुमारे १८०० बंदिशी छापल्या गेल्या. तोवर एखादी चीज मिळावी म्हणून शागिर्दाला उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरावं लागे. ती चीज पुस्तकाच्या किमतीत कुणालाही मिळू लागली. काही गवयांना हे आवडलं नाही, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्यही होतं, कारण मींड, आस, दाणेदार तान कागदावर उतरत नाही. तरीही मी भातखंड्यांच्याच बाजूचा आहे. पुस्तकातून मिळालेला सांगाडा हाती असला की माणूस तो गाणाऱ्याचा शोध घेतो. सांगाडाच ठाऊक नसेल तर तो काय शोधणार?

त्याच काळात संगीत नाटक ही सामान्य माणसाची नव्या रागांशी ओळख करून देणारी मोठी शाळा झाली. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरबच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली दिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या अंगानं चाली बांधल्या. ज्याला बनारस कुठं आहे हे नीट सांगता आलं नसतं, तो मराठी कारकून कजरीच्या वळणाची चाल आंघोळ करताना गुणगुणू लागला.

तबकडीनं वाट आणखी बदलली. कलकत्त्याला १९०२ मध्ये गौहरजाननं गाऊन संपवल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत सांगितलं, ते तबकडी जर्मनीत छापणाऱ्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. मला या नाव सांगण्याचं मोल फार वाटतं. ऐकणाऱ्याला गाणं आणि गाणाऱ्याचं नाव एकत्र मिळालं की, पुढचा शोध सुरू होतो.

असीरगडाच्या उत्तरेला, सातपुडा उतरला की येणाऱ्या खंडव्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी आभासकुमार गांगुली जन्मला. हाच किशोरकुमार. भुसावळ-खंडव्यावरून जाणारा मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरमार्गे पुरा झाला होता आणि खंडवा मोठं जंक्शन होतं. त्यामुळे मुंबईच्या पेठेतला माल या गावात सहज पोचे. किशोरचं दैवत कुंदनलाल सैगल, तेही तबकड्यांतून भेटलेले. आणि ज्या यॉडलिंगसाठी तो ओळखला गेला, ते आवाजाला एकदम वरच्या पट्टीत उडवून परत आणणारं गाणं, त्यानं भाऊ अनूपकुमारच्या संग्रहातल्या जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून उचललं. जिमी रॉजर्स हा अमेरिकेतला रेल्वे कामगार-गायक, १९३३ मध्येच वारला. त्याचा आवाज गांगुलींच्या घरी निमाडी मुलाच्या गळ्यात शिरला आणि तिथून हिंदी सिनेमात. इथंही पाहा, तबकडी घरात होती ती थोरल्या भावाच्या आवडीमुळे. बहुतेकांच्या आयुष्यात नव्या गाण्याचं पहिलं दार असं भावाबहिणीच्या, मामाच्या, शेजारच्या काकांच्या संग्रहातच उघडतं.

रेडिओनं या संग्रहाची गरजच कमी केली. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी १९५२ पासून आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली. त्याच वर्षी शनिवार रात्रीचा शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. केसकरांना अभिजात संगीत घराघरांत न्यायचं होतं. ते गेलंही, पण सिनेमाच्या गाण्यांसाठी लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. डिसेंबर १९५२ मध्ये तिथं अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि ती सुई हळूहळू परत फिरली. केसकरांवर पुष्कळ टीका झाली आहे. त्यांच्या कात्रीचं समर्थन मीही करणार नाही. मात्र दूरच्या तालुक्यातल्या मुलाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेचं गाणं घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं, हे त्यांच्या धोरणाचं देणं आहे.

नवं गाणं लोकांपर्यंत कसं न्यावं, याचा मराठीतला सगळ्यांत सुंदर नमुना म्हणजे पुणे आकाशवाणीवरचं ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक नवं गीत. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, एकूण ५६ गीतं. वर्तमानपत्रं गीतांचे शब्द छापत, लोक ते कापून वहीत चिकटवत. आठवड्याला एकच गाणं मिळत होतं, म्हणून ते आठवडाभर मनात घोळे आणि मुरे. एका दिवसात पन्नास गाणी चाळणाऱ्या आजच्या श्रोत्यानं या संथपणाचा एकदा अनुभव घेऊन पाहावा.

इथून आपण देवासला जाऊ, कारण नव्या संगीताचा शोध या विषयात कुमार गंधर्वांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला, लहान वयात देशभर गाजलेला हा गवई क्षयानं आजारी पडला आणि जानेवारी १९४८ मध्ये हवापालटासाठी माळव्यात देवासला आला. गाण्याला बंदी. काही वर्षं अंथरुणात काढावी लागली. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि त्याच सुमारास मिळू लागलेलं स्ट्रेप्टोमायसिन यांनी जीव वाचला. या काळात गळा बंद होता, कान उघडा होता. खिडकीखालून जाणाऱ्या बायकांची गाणी, फिरत्या भिक्षेकऱ्यांची भजनं, शीलनाथांच्या धुनीवरची नाथपंथी पदं त्यांच्या कानावर पडत राहिली. त्यांच्या ध्यानात आलं की, तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या या धुनांत रागाचं बीज आहे. एकेका धुनेतून वाढवत त्यांनी स्वतःचे राग घडवले, मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा. अशा रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह मौज प्रकाशनानं काढला. ‘मालवा की लोकधुनें’, ‘गीत हेमंत’ अशा कार्यक्रमांतून त्यांनी त्या बायकांचं गाणं मोठ्या शहरांच्या श्रोत्यांपुढं ठेवलं.

माळव्याच्या बायका ती गाणी पिढ्यान्‌पिढ्या गातच होत्या. नवं होतं ते कुमारजींचं ऐकणं. निमाडीतही असं कान देणारा माणूस झाला. खंडव्याचे रामनारायण उपाध्याय यांनी आयुष्यभर निमाडी लोकगीतं गोळा केली आणि शब्दरूपात जतन केली. चैत्रात गणगौरीच्या नऊ दिवसांत निमाडच्या घराघरांत जी गाणी म्हटली जातात, त्यांच्याकडे जायचं असेल तर उपाध्यायांच्या संग्रहापासून सुरुवात करावी. खानदेशातल्या आपल्या कानबाईच्या आणि गौराईच्या गाण्यांशी त्यांचं नातं लगेच लक्षात येतं.

आता हातातल्या फोनकडे. गाण्याचं ॲप ‘हे तुम्हाला आवडेल’ असं सांगतं ते कसं? त्याच्यापाशी लाखो लोकांच्या ऐकण्याची नोंद असते. तुम्ही ऐकलेली गाणी ज्या दुसऱ्या लोकांनी ऐकली, त्यांनी आणखी काय ऐकलं, हे ते पाहतं आणि तुम्ही न ऐकलेलं उचलून देतं. पेठेतला जुना किराणादार ‘तुमच्या आळीतले सगळे हाच चहा नेतात’ म्हणतो, तसाच हा सल्ला. याच्या जोडीला ध्वनीचा वेग, सूर, वाद्यांचा पोत मोजून सारखी वाटणारी गाणी शोधली जातात आणि लोकांनी बनवलेल्या याद्यांत कोणती गाणी शेजारी-शेजारी आहेत, हेही पाहिलं जातं. या गणिताचा मला उपयोग होतो, आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. जे गाणं अजून कुणी ऐकलेलं नाही, त्याला ऐकण्याच्या नोंदीत शेजारी नसतात, म्हणून ते क्वचितच पुढं येतं. निमाडी गणगौर गीताचं एखादं ध्वनिमुद्रण ॲपवर असलं, तरी ते ऐकणारे थोडे, म्हणून ते सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून ऐकणारे थोडेच राहतात. पुंडरीकानं यमन कल्याणाशेजारी ठेवला तो स्वर पाहून आणि कान लावून. दोन्हींचे श्रोते किती, हे मोजून ठेवला नव्हता.

म्हणून माझ्या आवडीच्या वाटा जुन्याच आहेत, फोनचा आधार घेऊन चाललेल्या. पहिली, एक बंदीश घ्यायची, क्रमिक पुस्तकात तिचे स्वर पाहायचे आणि ती चार वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांकडून ऐकायची. दुसरी, साथीदारांची नावं वाचायची. आवडलेल्या मैफलीत सारंगी किंवा हार्मोनियम कुणाची होती, हे पाहून त्या साथीदाराच्या मागं गेलं की तो आपल्याला अशा गवयांपर्यंत नेतो, ज्यांचं नाव ॲप कधी घेत नाही. तिसरी, रेडिओ लावायचा आणि जे लागेल ते संपेपर्यंत बदलायचं नाही. जळगावला आणि खंडव्याला आकाशवाणीची केंद्रं आहेत. त्यांच्यावर लागणारं अहिराणी किंवा निमाडी गाणं शोधून मिळत नाही, ते असं अवचितच भेटतं. चौथी वाट मला सगळ्यांत प्रिय आहे. ज्याचा कान आपल्याहून चांगला आहे अशा माणसाला विचारायचं, ‘तुम्हाला एवढ्यात काय आवडलं आणि का?’ त्यातल्या ‘का’ला उत्तर मिळालं की नवं गाणं अर्धं कळलेलं असतं.

पुढच्या चैत्रात जमलं तर असीरगडाखालच्या रस्त्यानं निमाडात उतरा, एखाद्या गावात गणगौरीची गाणी ऐका. गाणाऱ्या बायकांची परवानगी घेऊन ती ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नाव, गावाचं नाव आणि तारीख त्याच्याबरोबर लिहून ठेवा. नावाशिवाय ठेवलेलं गाणं पुढच्या माणसाला कुठंच नेत नाही.